फॉर्ममधला फोटो दिसत नाही? फी परत भरण्याआधी बिघाड कुठे आहे ते शोधा

दुसरबीड (ता. सिंदखेडराजा, जि. बुलढाणा) : फॉर्म पूर्ण भरला, फी कापली गेली, पावतीही निघाली. पण फोटोच्या चौकोनात चेहऱ्याऐवजी फाटक्या कागदाचं छोटं चिन्ह, नाही तर नुसती रिकामी जागा. दुसरबीड आणि आसपासच्या खेड्यांत ही तक्रार कुणालाच नवीन नाही.

मग घरात धावपळ सुरू होते. केंद्रावरचा मुलगा म्हणतो, "साइट डाउन आहे." मुलगी म्हणते, "मी तर फोटो टाकला होता." अब्बू म्हणतात, "जाऊ दे, परत पैसे भर आणि नवीन फॉर्म टाक." या तिघांपैकी कोण बरोबर आहे, हे पाच-दहा मिनिटांत तपासता येतं आणि त्यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही. ते कसं करायचं, हे आम्ही इथे सोप्या भाषेत सांगत आहोत.

प्रश्न फक्त फोटोचा नाही

आज बहुतेक अर्ज वेबवरच भरावे लागतात. महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, मग पुढे संबंधित विभागाकडे. हज कमिटी ऑफ इंडियाचा अर्ज वेबसाइटवर, नाही तर मार्च २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'हज सुविधा' अ‍ॅपवर भरला जातो. त्यात पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो आणि पासपोर्टची पानं जोडावी लागतात. वक्फ मालमत्तांची कागदपत्रं ६ जून २०२५ रोजी सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या 'उमीद' पोर्टलवर चढवावी लागतात. तिथे माहिती भरणारा वेगळा, तपासणारा वेगळा आणि मंजुरी देणारा वेगळा.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. तुमचा अर्ज तपासणारा माणूस दुसरबीडमध्ये तुमच्या शेजारी बसलेला नसतो. त्याला तुम्ही दिसत नाही, फक्त त्याची स्क्रीन दिसते. त्याच्या स्क्रीनवर फोटो किंवा कागद उघडला नाही, तर तो अर्ज परत पाठवतो, नाही तर नामंजूर करतो. म्हणून खरा प्रश्न "मला फोटो दिसतो का" हा नाही. "तपासणाऱ्याला फोटो दिसेल का" हा खरा प्रश्न आहे. हे दोन्ही एकच आहेत असं समजल्यामुळे बरेच अर्ज अडकतात.

वेब पानावर फोटो येतो कसा?

आपल्याला वाटतं की पान उघडलं म्हणजे फोटोही त्यासोबतच आला. तसं नसतं. पान आधी येतं. त्यात फोटोच्या जागी फक्त फोटोचा पत्ता लिहिलेला असतो. मग तुमचा ब्राउझर, म्हणजे क्रोम किंवा सफारी, त्या पत्त्यावर जाऊन फोटो वेगळा मागवतो. पत्ता चुकला, दार बंद असलं, रस्त्यात नेट तुटलं किंवा आणलेली फाइल ब्राउझरला वाचता आली नाही, तर बाकीचं पान नीट दिसतं आणि फोटोची जागा तेवढी रिकामी राहते.

म्हणजे बिघाड तीनच ठिकाणी असू शकतो. एक, तुमच्या फोटोच्या फाइलमध्ये. दोन, तुमचा फोन, ब्राउझर किंवा नेटमध्ये. तीन, समोरच्या सर्व्हरवर, म्हणजे जिथे फोटो साठवला जातो त्या संगणकावर. पहिल्या दोन ठिकाणचा बिघाड तुम्हीच दुरुस्त करू शकता. तिसऱ्या ठिकाणी तुम्ही कितीही वेळा फॉर्म भरला तरी उपयोग नाही. तिथे तक्रारच करावी लागते.

'प्रीव्ह्यू' म्हणजे पावती नव्हे

फोटो निवडल्याबरोबर फॉर्मवर तो लगेच दिसतो. पुष्कळ वेबसाइटींवर हा दिसणारा फोटो सर्व्हरवरून आलेला नसतो. तो तुमच्याच फोनमधून दाखवलेला असतो. फाइल अजून पुढे गेलेलीच नसते. 'अपलोड' किंवा 'सेव्ह' दाबल्यावर ती निघते, आणि तेवढ्यात नेट गेलं तर अर्ध्या वाटेत राहते. नंतर मुलगी शपथ घेऊन सांगते की फोटो दिसत होता. ती खोटं बोलत नसते. तिने पाहिलेला फोटो तिच्या फोनमधला होता, एवढंच.

म्हणून अंतिम 'सबमिट' दाबण्याआधी एवढं नक्की करा :

१. फॉर्म सेव्ह करून लॉगआउट व्हा.

२. दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर परत लॉगिन करा.

३. फोटो, सही आणि प्रत्येक कागद उघडून पाहा. कागदावरचं नाव आणि नंबर वाचता येतो का, तेही बघा.

४. अर्जाची पीडीएफ प्रत निघत असेल तर ती डाउनलोड करून तिच्यात फोटो आहे का, ते तपासा.

दुसऱ्या यंत्रावर फोटो दिसला, तर तो सर्व्हरवर पोहोचला आहे असं समजायला हरकत नाही. तुमच्याच फोनवर दिसला, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

बिघाड कुठे आहे, हे कसं ओळखायचं?

फोटो दिसत नसेल तर आधी काहीही डिलीट करू नका. क्रमाने चार गोष्टी करा.

पहिली : त्याच वेबसाइटवरची बाकीची चित्रं, म्हणजे बोधचिन्ह, बटणं वगैरे, दिसतात का पाहा. एकही चित्र दिसत नसेल तर गडबड बहुधा तुमच्या फोनची किंवा नेटची आहे. बाकी सगळं दिसून फक्त तुमचा फोटो दिसत नसेल तर फाइलकडे किंवा सर्व्हरकडे बघायचं.

दुसरी : तेच पान दुसऱ्या फोनवर, दुसऱ्या कंपनीच्या नेटवर उघडा. तिथे दिसलं तर तुमच्या फोनमध्ये किंवा नेटमध्ये अडचण आहे.

तिसरी : ब्राउझरची 'इन्कॉग्निटो' खिडकी उघडून लॉगिन करा. त्यात ब्राउझरने साठवून ठेवलेलं जुनं काही वापरलं जात नाही. तिथे फोटो दिसला तर जुनी कॅश साफ करा, काम झालं.

चौथी : फोटोच्या रिकाम्या जागेवर बोट दाबून धरा (संगणकावर माउसचं उजवं बटण) आणि चित्र नव्या टॅबमध्ये उघडण्याचा पर्याय आला तर तो निवडा. आता फोटो तरी दिसेल, नाही तर एखादा आकडा दिसेल. हा आकडा फार कामाचा असतो. त्याचा अर्थ पुढे दिला आहे.

फाइलमधले नेहमीचे दोष

सगळ्यात फसवा दोष आयफोनचा. २०१७ मध्ये आलेल्या आयओएस ११ पासून नवे आयफोन फोटो 'एचईआयसी' प्रकारात साठवतात. जागा वाचते म्हणून हा प्रकार आला. पण क्रोमला तो दाखवता येत नाही. त्यामुळे पुण्याहून भाचा आयफोनवर फोटो काढून पाठवतो, त्याच्याकडे तो स्वच्छ दिसतो आणि कार्यालयातल्या संगणकावर रिकामा चौकोन येतो. उपाय सोपा आहे. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात फॉरमॅट्स, आणि तिथे 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडा. यापुढचे फोटो जेपीजी निघतील. काही अँड्रॉइड फोनमध्येही कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'हाय एफिशिएन्सी' नावाचा पर्याय असतो. तो बंद ठेवा. आधी काढलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर 'फोटो' म्हणून पाठवला (डॉक्युमेंट म्हणून नव्हे) तर तो जेपीजी होतो. चेहऱ्याच्या फोटोला हे चालतं. कागदपत्रांना मात्र नको, कारण बारीक अक्षरं फुटतात.

काही जण फाइलचं नाव बदलून शेवटी 'जेपीजी' लिहितात. त्याने काही होत नाही. डब्यावर साखर लिहिलं म्हणून आतलं मीठ गोड होत नाही. फाइल खरोखर दुसऱ्या प्रकारात बदलावी लागते : गॅलरीतल्या एडिटरमध्ये उघडून, किंवा संगणकावर पेंटमध्ये उघडून 'सेव्ह अ‍ॅज' करून जेपीजी निवडायचं.

दुसरा दोष आकाराचा. फोनचा फोटो सहज ३-४ एमबीचा असतो. एक एमबी म्हणजे १०२४ केबी. फॉर्मने २०० केबीपर्यंत मागितलं असेल तर ४ एमबीचा फोटो वीसपट मोठा झाला. नीट बनवलेली वेबसाइट तसं स्पष्ट सांगते. काही मात्र गप्प बसतात आणि फोटो नुसता गायब होतो. पण उलटही होतं. कमी करता करता फोटो इतका लहान केला जातो की खालच्या मर्यादेच्याही आत जातो, नाही तर चेहरा ओळखू येत नाही. म्हणून आधी क्रॉप करा, मग साइज कमी करा. फॉर्मवरची सूचना प्रत्येक वेळी नव्याने वाचा, कारण एका फॉर्मचा हिशेब दुसऱ्याला चालत नाही.

तिसरा दोष नावाचा. फाइलच्या नावात मराठी किंवा उर्दू अक्षरं, मोकळ्या जागा, कंस, टिंबं असली की काही जुन्या वेबसाइटी गोंधळतात. इंग्रजी लहान अक्षरांत छोटं, साधं नाव द्या.

चौथा दोष आडव्या फोटोचा. फोनमध्ये फोटो उभा दिसतो आणि फॉर्मवर आडवा पडतो. फोन फोटो जसाच्या तसा ठेवतो आणि "मला फिरवून दाखव" अशी चिठ्ठी फाइलमध्ये लिहून ठेवतो. काही वेबसाइटी ती चिठ्ठी वाचत नाहीत. फोटो एडिटरमध्ये थोडा क्रॉप करून नव्याने सेव्ह केला की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो.

फोन आणि नेटमधले दोष

नेट वाचवण्यासाठी घेतलेला ब्राउझर चित्रं बंद ठेवू शकतो. ओपेरा मिनीमध्ये चित्रं अजिबात न दाखवण्याची सेटिंग आहे. मुलांनी डेटा वाचवायला ती लावली असेल तर घरातल्या मोठ्यांना पत्ताही नसतो. जाहिराती अडवणारी अ‍ॅपही कधी कधी खरं चित्र जाहिरात समजून अडवतात. फॉर्म भरताना ती बंद ठेवा.

फोनची तारीख चुकली असेल तरी साइट अडखळते. सुरक्षित साइटचं प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचं असतं. फोनमध्ये तारीख दोन वर्षं मागे असली की फोनला ते प्रमाणपत्र खोटं वाटतं. तारीख-वेळ 'ऑटोमॅटिक'वर ठेवा.

आणखी एक : सरकारी साइटीवर लॉगिन काही मिनिटांतच संपतं. पान तसंच उघडं असतं, पण आतून तुम्ही बाहेर पडलेले असता. तुमचे कागद फक्त लॉगिन केलेल्यालाच दाखवायचे असतात, म्हणून फोटो दिसत नाही. परत लॉगिन करून पाहिल्याशिवाय फोटो गेला असं समजू नका.

स्क्रीनवरचा आकडा काय सांगतो?

४०४ : त्या पत्त्यावर फाइल नाही. एक तर ती पोहोचली नाही, नाही तर पत्ता चुकीचा नोंदवला गेला. एकदा परत अपलोड करून बघा.

४०१ किंवा ४०३ : फाइल असेलही, पण तुम्हाला बघायची परवानगी नाही. परत लॉगिन करा.

४१३ : फाइल फार मोठी आहे. साइज कमी करा.

५००, ५०३, ५०४ : सर्व्हर बिघडला आहे, किंवा त्याच्यावर फार गर्दी आहे. यात तुमचा काही दोष नाही. काही वेळाने, रात्री उशिरा किंवा पहाटे प्रयत्न करा. नवीन फॉर्म भरू नका आणि दुसऱ्यांदा फी तर मुळीच भरू नका.

शेवटच्या दिवशी ५०३ किंवा ५०४ दिसला तर काही इलाज उरत नाही. म्हणून मुदतीच्या निदान आठ दिवस आधी फोटो आणि कागद चढवून ठेवा.

वेबसाइट बनवणाऱ्या आपल्या मुलांसाठी

गावागावांत आता बीसीए, बीएस्सी आयटी केलेली मुलं-मुली शाळेची, दुकानाची, संस्थेची वेबसाइट बनवून देतात. "माझ्या लॅपटॉपवर सगळे फोटो दिसतात, लोकांना दिसत नाहीत," ही त्यांची ठरलेली अडचण. तिची मुख्य कारणं अशी.

फोटोच्या पत्त्यात स्वतःच्या लॅपटॉपचा पत्ता राहून जातो : 'लोकलहोस्ट', नाही तर 'सी ड्राइव्ह'. तो पत्ता जगात फक्त तुमच्याच लॅपटॉपवर चालतो.

विंडोजला इंग्रजी मोठं आणि लहान अक्षर सारखंच वाटतं, पण बरेच सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि तिथे ती दोन वेगळी नावं होतात. फाइल मोठ्या 'जेपीजी'ची आणि कोडमध्ये लहान लिहिलेलं असेल, तर घरी चालेल, सर्व्हरवर ४०४ येईल. सगळी नावं लहान अक्षरांत ठेवा.

गूगल ड्राइव्हची शेअर लिंक म्हणजे फोटोचा पत्ता नव्हे. ती फोटो दाखवणाऱ्या एका पानाची लिंक असते. फेसबुकवरून उचललेला फोटोचा पत्ता तर काही काळाने आपोआप बंद पडतो. ज्या संस्थेचं काम आहे तिचे फोटो तिच्याच सर्व्हरवर ठेवा.

साइट 'एचटीटीपीएस' असेल आणि फोटोचा पत्ता जुन्या 'एचटीटीपी'चा असेल, तर आताचं क्रोम तो फोटो सुरक्षित मार्गानेच मागवतं. तसा मार्ग नसेल तर दाखवत नाही.

फुकटच्या काही होस्टिंगवर सर्व्हर परत सुरू झाला की लोकांनी अपलोड केलेल्या फाइली पुसल्या जातात. संध्याकाळी दिसलेला फोटो सकाळी नाही, असं झालं तर आधी हेच तपासा. फाइली ठेवायला वेगळी, कायमची जागा घ्या.

नेमकं कारण शोधायचं तर संगणकावर एफ १२ दाबा, 'नेटवर्क' टॅब उघडा आणि पान परत लोड करा. अडकलेली फाइल लाल रंगात दिसते आणि शेजारी वर सांगितलेला आकडा असतो. अंदाजाने कोड बदलत बसण्यापेक्षा ही दोन मिनिटं जास्त कामाची. आणि फोटो नाहीच आला तर त्या जागी काय होतं, हे शब्दांत लिहिण्याची सोय कोडमध्ये असते. ती भरून ठेवा. दृष्टिहीन वाचकांनाही तिचाच आधार असतो.

तक्रार करताना काय जोडायचं?

सगळं करूनही फोटो दिसत नसेल तर नुसतं "फोटो दिसत नाही" असं लिहून भागत नाही. अर्ज क्रमांक, तारीख आणि वेळ, फोन की संगणक, कोणता ब्राउझर, फाइलचा प्रकार आणि साइज, दिसलेला आकडा आणि पूर्ण स्क्रीनचा स्क्रीनशॉट, एवढं हेल्पडेस्कला ईमेलने पाठवा. स्क्रीनशॉटमध्ये तारीख-वेळ दिसू द्या. पुढे अर्ज नामंजूर झालाच तर मुदतीच्या आत प्रयत्न केला होता, याचा हा तुमच्या हातातला पुरावा. फोनवर बोललात तर तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.

फोटो दुरुस्त करता करता फोटो गमावू नका

शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. फोटो जमत नाही म्हणून आपण तो पाच ठिकाणी पाठवतो. मुलींचे फोटो, आधार आणि पासपोर्टची पानं अनोळखी संगणकांवर पडून राहतात. केंद्रावर काम झालं की फाइली डाउनलोड फोल्डरमधून आणि मग रिसायकल बिनमधूनही काढायला सांगा. समोर उभं राहून काढून घ्या, यात लाजण्यासारखं काही नाही. ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅप वेबमधून लॉगआउट झाल्याशिवाय खुर्ची सोडू नका. प्रामाणिक केंद्रचालकाला याचा राग येणार नाही.

'फुकट केबी कमी करा' म्हणणाऱ्या अनोळखी साइटींवर ओळखपत्रं चढवू नका. तेच काम फोनच्या गॅलरीत होतं. जिथे चालतं तिथे फक्त शेवटचे चार अंक दाखवणारं 'मास्क्ड आधार' द्या. ते आधारच्या अधिकृत साइटवर मोफत मिळतं. "फोटो दुरुस्त करून देतो, हे अ‍ॅप टाका, ओटीपी सांगा" असा फोन आला तर तो फोटोसाठी नाही, खात्यासाठी आहे. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.

शिष्यवृत्तीवर मुलीचं वर्ष अवलंबून असतं, हजच्या अर्जावर आई-वडिलांची आयुष्यभराची इच्छा आणि जागेच्या कागदावर सगळ्या मोहल्ल्याचा हक्क. हे सगळं एका रिकाम्या चौकोनामुळे अडू नये. घरात जो कुणी फॉर्म भरतो त्याला आजच सांगून ठेवा : सबमिट दाबण्याआधी दुसऱ्या फोनवर बघ.